कवी राज्यावर बसतो तेव्हा : आगोस्तिन्यो नेटो

आम्ही काही मित्र महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमतो. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी एस. टी.त नोकरी केलेला, एक जण तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारा, एक-दोन तरुण. कविता वाचतो, चहा होतो, वाद होतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही ठरवले की, आफ्रिकेतल्या काही कविता मराठीत आणायच्या. आफ्रो-आशियाई लेखकांच्या चळवळीने दिलेल्या ‘लोटस’ पारितोषिकाची यादी समोर होती. तीत फैज आहेत, महमूद दरवेश आहेत, आपले हरिवंशराय बच्चनही आहेत. त्याच यादीत १९७० सालच्या मानकऱ्यांमध्ये एक नाव होते, आगोस्तिन्यो नेटो. अंगोलाचे कवी, पोर्तुगीज भाषेत लिहिणारे. त्यांच्या ‘साग्रादा एस्पेरांसा’ म्हणजे ‘पवित्र आशा’ या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद मिळाला आणि आम्ही कामाला लागलो.

चार कविता झाल्या. पाचवीवर असताना वकील मित्राने एक टिपण आणले आणि कुणाशी काही न बोलता सतरंजीवर ठेवले. २७ मे १९७७ आणि त्यानंतरच्या महिन्यांत लुआंडात काय घडले, ते त्यात होते. तेव्हा अंगोलाचे राष्ट्राध्यक्ष होते आगोस्तिन्यो नेटो. त्या दिवशी अनुवाद पुढे सरकला नाही. ‘या माणसाच्या कविता छापायच्या की नाही?’ हा प्रश्न तेव्हापासून आमच्यात आहे. या लेखात तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी हा माणूस कोण, ते सांगितले पाहिजे. कारण मराठी वाचकाला तो जवळपास अपरिचित आहे.

अंगोला हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, महाराष्ट्राच्या चौपट क्षेत्रफळाचा देश. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला आणि सोळाव्या शतकाच्याच अखेरच्या पर्वात लुआंडा शहर वसवले. गोव्यातून मसाले गेले, लुआंडातून माणसे गेली. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला तरी ‘कंत्राट’ नावाची सक्तीची मजुरी चालूच राहिली. माणसांना साओ तोमे बेटावरच्या कोकोच्या मळ्यांत धाडले जाई आणि परत आलेल्यांपेक्षा न आलेल्यांच्याच गोष्टी गावात अधिक सांगितल्या जात. पोर्तुगीज कायद्याने काळ्या माणसांचे दोन भाग केले होते : एक ‘देशी’ आणि दुसरे ‘आत्मसात’ झालेले. पोर्तुगीज बोलता-लिहिता आले, राहणी बदलली, सरकारी कसोटीला उतरले, तर माणूस ‘आत्मसात’ ठरे. १९५० च्या सुमारास असे लोक शंभरात एकही नव्हते. ही व्यवस्था १९६१ पर्यंत टिकली.

नेटो त्या एकाहून कमी टक्क्यातले. १७ सप्टेंबर १९२२ ला लुआंडाजवळच्या इकोलो-ई-बेंगो भागातल्या काशिकाने गावी जन्म. वडील मेथडिस्ट पाद्री, आई शिक्षिका. घरात प्रार्थना, पुस्तके आणि किंबुंडू भाषा. काही वर्षे आरोग्य खात्यात नोकरी करून १९४७ मध्ये ते वैद्यक शिकायला पोर्तुगालला कोइंब्रा येथे गेले, पुढे लिस्बनला आले. लिस्बनमध्ये सरकारनेच वसाहतींतल्या विद्यार्थ्यांसाठी एक ‘घर’ चालवले होते. साम्राज्याशी निष्ठावान पदवीधर तयार व्हावेत असा हेतू. तयार झाले ते नेटो, आमिल्कार काब्राल, मारियो पिंतो द आंद्राद. सरकारच्या खर्चाने सरकारचे मारेकरी जमवावेत, अशी ही गंमत! १९६५ मध्ये ते घर बंद करण्यात आले, पण तोवर फार उशीर झाला होता.

नेटोंना पुन्हा पुन्हा अटक झाली. १९५५ ते १९५७ या काळातल्या तुरुंगवासाविरुद्ध सार्त्रसारख्या लेखकांनी सह्या केल्या. १९५८ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९५९ मध्ये लुआंडाला परतून दवाखाना उघडला. जून १९६० मध्ये पोलिसांनी त्यांना पुन्हा पकडले. त्यांच्या गावचे लोक निषेधाला निघाले, तेव्हा सैन्याने गोळ्या झाडल्या. तीस माणसे मेली, दोनशे जखमी झाली, असे सांगितले जाते. एका डॉक्टरसाठी, ज्याच्या कविता त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हत्या, ती माणसे मेली. हे पुढच्या विवेचनात विसरू नये, अशी विनंती आहे.

नेटोंना आधी केप व्हर्दे बेटांवर आणि नंतर लिस्बनच्या आल्जूब तुरुंगात ठेवले गेले. २८ मे १९६१ रोजी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ वृत्तपत्रात पीटर बेनेन्सन या वकिलाचा एक लेख आला, ‘विसरलेले कैदी’. त्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संघटना जन्मली. त्या लेखात सहा कैद्यांची उदाहरणे होती आणि त्यांतले एक नेटोंचे होते. आरोप न ठेवता, खटला न चालवता कोंडलेला अंगोलाचा कवी आणि डॉक्टर! ‘खटल्याविना तुरुंग’ म्हणजे काय, हे जगाला ज्या सहा माणसांच्या उदाहरणांनी समजावून सांगितले गेले, त्यांतला हा एक.

आता टिपणाकडे येऊ.

नेटो १९६२ मध्ये पोर्तुगालमधून निसटले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एम.पी.एल.ए. या मुक्ती संघटनेचे अध्यक्ष झाले. तेरा वर्षांच्या लढाईनंतर ११ नोव्हेंबर १९७५ ला त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. महिन्याभरात, १० डिसेंबरला, अंगोलाच्या लेखक संघाची स्थापना झाली आणि तिथेही ते अग्रस्थानी होते. कवी राज्यावर बसला होता. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेचे सैन्य देशात घुसलेले होते, झैरेच्या बाजूने दुसरे आक्रमण होते, दोन प्रतिस्पर्धी संघटना शस्त्रे घेऊन उभ्या होत्या आणि नेटोंचे सरकार क्युबाच्या सैनिकांच्या आधाराने टिकले होते. हे सगळे खरे आहे.

पक्षातच एक गट नितो आल्वेस यांच्याभोवती जमला. आल्वेस ऑक्टोबर १९७६ पर्यंत अंतर्गत कारभाराचे मंत्री होते. (त्यांचाही कवितासंग्रह प्रसिद्ध झालेला होता. हा सगळा इतिहासच कवींनी कवींविरुद्ध लढलेला आहे.) मे १९७७ मध्ये त्यांना पक्षाच्या मध्यवर्ती समितीतून काढले. २७ मे रोजी त्यांच्या बाजूच्या सैनिकांनी लुआंडाचा तुरुंग आणि नभोवाणी केंद्र ताब्यात घेतले. अर्थमंत्री साइदी मिंगास आणि काही सेनाधिकाऱ्यांना बंडखोरांनी ठार केले. क्युबन सैन्याच्या मदतीने ते बंड त्याच दिवशी मोडले.

बंड एका दिवसात मोडले, पण मारणे थांबले नाही. नेटोंनी जाहीरपणे सांगितले की, दयामाया दाखवली जाणार नाही आणि खटल्यांमध्ये फारसा वेळ घालवला जाणार नाही. पुढचे महिने गुप्त पोलिसांनी, ज्यांना ‘दिझा’ म्हणत, माणसे उचलली. विद्यार्थी, सैनिक, वस्त्यांतले कार्यकर्ते, फुटबॉल खेळणारी पोरे. किती मारले गेले? कुणी दोन-तीन हजार म्हणतो, कुणी तीस हजार, कुणी त्याहून अधिक. आकडा ठरत नाही, कारण मोजण्याचे कामच कुणी होऊ दिले नाही. मेलेल्यांत दाविद झे, उर्बानू द कास्त्रो आणि आर्तुर नुनेस हे तीन गायकही होते. हे नाव घेताना आम्हाला विशेष अडखळायला झाले. बहुसंख्य जनता निरक्षर असलेल्या देशात क्रांतीचा निरोप पुस्तकाने जात नाही, गाण्याने जातो. आपल्याकडे अमर शेखांच्या डफाने जे केले, ते तिथे या लोकांच्या गळ्याने केले होते.

आणि एक नाव आपल्या दारातले आहे. सीता वालेस. मूळ गोव्याच्या आईबापांची ही मुलगी १९५१ मध्ये अंगोलातल्या काबिंदा इथे जन्मली, लिस्बनला वैद्यक शिकताना कम्युनिस्ट विद्यार्थ्यांची पुढारी झाली आणि १९७५ मध्ये सगळे सोडून लुआंडाला परतली. तिचा नवरा जोझे व्हान-डुनेम आल्वेस यांच्या गटातला प्रमुख माणूस. दोघेही पकडले गेले आणि मारले गेले. तिचा एक भाऊही मारला गेला. सीता तेव्हा पंचविशीत होती, मूल काही महिन्यांचे होते. खुला खटला नाही, कुटुंबाला प्रेत नाही. तिचे पोर्तुगीज चरित्र २०१० मध्ये निघाले. गोव्याच्या स्वातंत्र्याचे वर्ष आपण साजरे करतो. त्याच १९६१ च्या एप्रिलमध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींच्या संघटना एकत्र आल्या, तेव्हा अंगोलाच्या बरोबर गोव्याचे प्रतिनिधीही बसले होते. एकाच जुलमाविरुद्ध एकाच सतरंजीवर बसलेली ही माणसे. सोळा वर्षांनी त्या सतरंजीवरच्या एका घराने दुसऱ्या घरातली मुलगी मारली.

तर, आता आमचा वाद.

शिक्षक मित्र म्हणाले, ‘कविता वेगळी आणि कवी वेगळा. या कविता बहुतेक १९६० पर्यंतच्या. त्या लिहिणाऱ्या तरुणाने कुणाला मारले नव्हते. सतरा वर्षांनंतरच्या गुन्ह्याची शिक्षा आधीच्या ओळींना कशी देता?’ हे ऐकायला बरे वाटते, आणि चांदण्यावर, विरहावर लिहिणाऱ्या कवीच्या बाबतीत आम्ही ते कदाचित मान्यही करू. पण नेटोंच्या कविता तशा नाहीत. त्यांत ‘मी’ थोडा आणि ‘आम्ही’ फार. उन्हात संत्री विकत बसलेली बाई, कंत्राटावर ओझी वाहणारे मजूर, चढ चढताना धापा टाकणारी आगगाडी, मुलाला निरोप देणारी आई. या सगळ्यांना तो कवी सांगतो की आपण परत येऊ, देश आपला होईल. ही वर्णने नव्हेत, वचने आहेत. हुंडी लिहून देणाऱ्याला वटवण्याच्या दिवशी ‘ते साहित्य होते’ असे म्हणता येत नाही. आणि १९७४ मध्ये, राज्य हाती येण्याच्या उंबरठ्यावर, ‘पवित्र आशा’ हे नाव देऊन संग्रह जगापुढे आला, तो कवीच्याच नावाने.

तरुणांपैकी एक म्हणाला, ‘मग फेकून द्या.’ तेही आम्हाला पटले नाही. फेकून दिले तर कुणाला आनंद होईल, याचा विचार केला. ‘ही माणसे राज्य करायच्या लायकीचीच नव्हती’ असे म्हणणारे लिस्बनमध्ये १९७५ ला होते आणि आजही असतील. पण हे बोलता बोलता आम्हीच थबकलो. कारण नेमक्या याच भीतीपोटी आपल्यासारख्या लोकांनी ही गोष्ट इतकी वर्षे सांगितली नाही. साम्राज्यवादाविरुद्ध लढलेला माणूस ‘आपला’, म्हणून त्याच्या राज्यातल्या मृतांना आपण सवलतीच्या दरात मोजले. एखाद्या पोर्तुगीज गव्हर्नरने १९६१ मध्ये जे केले त्याबद्दल आम्ही निषेधसभा घेतली असती. तेच १९७७ चे ऐकल्यावर आमच्यातल्या एकाची पहिली प्रतिक्रिया होती, ‘स्रोत तपासून पाहा, पाश्चात्त्य प्रचार असेल.’ तो एक म्हणजे आम्हीच. नावाने सांगत नाही इतकेच.

एस. टी.तल्या मित्राने परिस्थितीची बाजू मांडली, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. चारही बाजूंनी शत्रू, घरात सशस्त्र बंड, सहकाऱ्यांची जळालेली प्रेते सापडलेली. अशा वेळी राज्यकर्त्याने काय करावे? बंड मोडावे, हे उघड आहे. त्यात गोळ्या चालल्या तर त्याचाही हिशेब वेगळा. पण बंड संध्याकाळपर्यंत मोडले होते. त्यानंतरची प्रत्येक हत्या ही बांधलेल्या माणसाची हत्या आहे. आणि ‘परिस्थिती’ हा शब्द पोर्तुगीज पोलिसांच्याही तोंडी होताच. नेटोंना खटल्याविना डांबले, तेही परिस्थितीमुळेच.

इथे वकील मित्राने एक साधी गोष्ट सांगितली, तिच्याभोवती आमचा विचार अजून फिरतो आहे. तो म्हणाला, ‘आपल्या भाषेत कोर्टातल्या कामाला सुनावणी म्हणतात. ऐकून घेणे. निकाल नंतरचा. आधी समोरच्याला बोलू द्यायचे, त्याने खोटे बोलले तरी.’ मग नेटोंच्या कविता आम्ही पुन्हा वाचल्या. त्या संत्रीवालीला कुणी ऐकले नव्हते, कवीने ऐकले. कंत्राटी मजुरांचे गाणे कुणी ऐकले नव्हते, कवीने ऐकले. या कवितेची सगळी नैतिक ताकद ऐकण्यात आहे. म्हणजे खटल्यात वेळ घालवायचा नाही असे सांगणारा राष्ट्राध्यक्ष केवळ कायदा मोडत नव्हता. तो स्वतःच्या कवितेतले मुख्य कामच नाकारत होता. सीता वालेसचे म्हणणे चूक असेल. आल्वेस यांच्या हाती राज्य गेले असते तर कदाचित त्यांनीही हेच केले असते. पण ते म्हणणे काय होते, हे त्यांच्या तोंडून ऐकायला कुणी बसले नाही. चौकशीसाठी जे लोक बसवले, त्यांत लेखकही होते, असे सांगतात. लोकांनी त्या समितीला ‘अश्रूंची समिती’ असे नाव ठेवले.

आल्जूब हे तुरुंगाचे नाव अरबीतून पोर्तुगीजमध्ये गेले आहे. अल्-जुब्ब म्हणजे विहीर, खड्डा. हजरत युसूफना भावांनी ज्यात टाकले तो हाच शब्द. आमच्यातल्या एकाला हे ठाऊक होते आणि मग बैठक बराच वेळ त्या किश्शावर गेली. विहिरीतून गुलामीत, गुलामीतून तुरुंगात आणि तुरुंगातून थेट धान्याच्या कोठारांच्या सत्तेवर. तेच भाऊ भुकेले होऊन दारात उभे राहतात. त्या क्षणी काय करायचे हे ठरवण्याची पूर्ण मुभा युसूफना होती आणि त्यांनी दोषाचा उच्चारही केला नाही. एक मित्र म्हणाला, ते पैगंबर होते, राजकारणी नव्हे. दुसऱ्याने उत्तर दिले की, त्या वेळी ते मंत्री होते. आम्ही हसलो, पण विषय तिथेच ठेवला. माफीची अपेक्षा कुणी नेटोंकडून करत नाही. अपेक्षा फक्त सुनावणीची होती.

नेटोंच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जुलै १९७९ मध्ये त्यांनी ‘दिझा’ बरखास्त केली. अतिरेक झाला हे त्यांना उमगले, की फक्त राजकीय सोय म्हणून केले, हे आम्ही कसे ठरवणार? दोन महिन्यांत, १० सप्टेंबर १९७९ ला, मॉस्कोत त्यांचा मृत्यू झाला. सत्तेवर आल्यानंतर त्यांनी कविता जवळपास लिहिली नाही. आम्हाला वाटते, हे मौन त्यांच्याविषयीचा सर्वांत बोलका पुरावा आहे. पण हे आमचे वाटणे आहे, याहून अधिक नाही. फैज यांना आम्ही हा प्रश्न कधी विचारला नाही, कारण त्यांच्या हाती कधी फौज आली नाही. शायराचे नशीब म्हणायचे की आपले?

आज लुआंडात अग्निबाणासारखा उंच स्मारकस्तंभ आहे, नोटांवर नेटोंचा चेहरा आहे, विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, जन्मदिवसाची राष्ट्रीय सुट्टी आहे. २७ मेच्या मृतांविषयी चाळीस वर्षे सरकारी शब्द नव्हता. २०१९ मध्ये सलोख्यासाठी एक आयोग नेमला गेला आणि मे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ज्वाओ लोरेन्सो यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली. त्यानंतर काही कुटुंबांना त्यांच्या माणसांचे म्हणून अवशेष देण्यात आले. पोर्तुगालच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी तपासले, तर ते त्या माणसांचे नव्हते, असे २०२३ मध्ये उघड झाले.

आम्ही बहुमताने ठरवले की, कविता छापायच्या. प्रत्येकीखाली ती लिहिल्याचा काळ द्यायचा आणि २७ मेची हकिगत तळटीप म्हणून नाही, तर कवितेच्याच टाइपात, समोरच्या पानावर द्यायची. शिक्षक मित्रांचा विरोध कायम आहे. ते म्हणतात, असे केलेत तर कविता कुणी कविता म्हणून वाचणारच नाही. वकील मित्र म्हणतो, वाचणारा वाचेल. आम्हाला शिक्षकांचे म्हणणे पूर्ण चूक वाटत नाही, तरीही पान तसेच लावायला दिले आहे.

अडले आहे ते पाचव्या कवितेवर. निरोपाच्या वेळी मुलगा आईशी बोलतो ती. वर्षानुवर्षे धीर धरायला शिकवणाऱ्या आईला तो सांगतो की, नुसती वाट पाहायचे दिवस संपले. मराठीत त्या जागी ‘वाट पाहणे’ हेच सहज येते. पण मुलांची हाडे म्हणून परक्याची हाडे हाती आलेल्या आया आणि बहिणी अजून तेच करत आहेत, म्हणून एकाला ते क्रियापद तिथे नको वाटते. दुसरा म्हणतो, त्यासाठीच ते हवे. दोन्ही खर्डे वहीत आहेत. पुढच्या बैठकीत बघू.